एकवीस कोरे पलंगपोस

पांझरा नदीच्या काठी निंबोळे नावाचं एक गाव. श्रीनिवांतनाथ महाराज फिरत फिरत तिथे आले आणि मारुतीच्या देवळाशेजारच्या धर्मशाळेत पाच दिवस राहिले. महाराजांचं सगळंच साधं. मिळेल ते खावं, भेटेल त्याच्याशी बोलावं आणि दुपारचं जेवण झालं की घटकाभर डाव्या कुशीवर पडावं. एवढीच काय ती त्यांची चैन! गावानं मोठ्या भक्तीनं ठरवलं, की त्या घटकेचं अंथरूण रोज एकेका घरानं घालायचं.

पण पहिले चारही दिवस ते घातलं एकाच घरानं. ते घर म्हाळसाकाकू देशमुखांचं. दुसऱ्या कुणी पुढे यायची हिंमतच केली नाही. काकूंकडे शिसवी पेटी होती, तिला पितळी कुलूप, आणि किल्ली काकूंच्या कमरेला. पेटीत एकवीस पलंगपोस. त्यांतल्या एकावरही तोवर कुणाची पाठ टेकली नव्हती. दर दिवाळीला परटिणीनं ते धुवायचे, खळ घालून कडक करायचे, की कडुनिंबाच्या पाल्यासकट पुन्हा पेटीत. खळ तरी कशी, की पलंगपोस भिंतीला टेकवला तर आपल्या पायांवर उभा राहावा! पहिल्या दुपारी महाराजांनी कूस बदलली, तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज पार ओसरीपर्यंत आला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कूस बदलणंच सोडून दिलं.

त्याच गावात गोजरा नावाची कोष्ट्यांची सून होती. नवरा दिवसभर मागावर, आणि कडेवर आठ महिन्यांची ठकू. ठकूच्या वेळी गोजरा दोन दिवस अडली होती. तेव्हा महाराजांचं नाव घेऊन तिनं नवस केला होता, "महाराज, माझं बाळ एकदा रडू द्या. तुमचं अंथरूण मी या हातांनी घालीन." बाळ रडलं. ते आजतागायत थांबलं नव्हतं.

चौथ्या दिवशी गोजरा ठकूला घेऊन महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, उद्या तुम्ही निघणार. माझा नवस राहिलाय. उद्याचं अंथरूण मला घालू द्या."

महाराजांच्या आधी म्हाळसाकाकूच बोलल्या, "अगं गोजरे, तुझ्या दारावरून जाताना माणूस नाकाला पदर लावतो. चुलीतली राख सोडली तर तुझ्या घरात कोरडं काय आहे गं?"

बायका खुसखुसल्या. गोजराचे कान लाल झाले. "एक चादर आहे काकू. नवसासाठी जपलीय. ठकूला तिच्यावर एकदाही घातलेली नाही."

"उद्या गोजराच घालील," महाराज म्हणाले.

"महाराजांचा शब्द माझ्या डोक्यावर," काकू म्हणाल्या. "पण तपासणार मी. डाग नको, ओल नको, वास नको. यातलं एक जरी निघालं, तर माझी पेटी इथेच आणून ठेवलेली असेल."

संध्याकाळी गोजरानं चादर बाहेर काढली. नवऱ्यानं दोन अरुंद पट्टे विणून मधे शिवून जोडलेली, साधी पांढरी. लग्नाच्या वर्षी त्यानं तिच्यापुढे तीन चादरी टाकल्या होत्या. तिनं प्रत्येकीचं टोक मुठीत चुरगाळून सोडून पाहिलं होतं. दोन चुरगळलेल्याच राहिल्या. ही तेवढी हळूच उलगडली, म्हणून हीच घेतली. आता तिनं ती रिठ्याच्या पाण्यात भिजवली. आपटली नाही, हातानंच चोळली, खळ मुळीच घातली नाही. दोरीवर थोडी दमट असतानाच घडी करून वर पाटा ठेवला. हे सगळं एका हातानं, कारण दुसऱ्या हातात ठकूच्या झोळीची दोरी होती. सकाळी घडी उलगडून थोडं ऊन दाखवलं, आणि चादर कोरडीठाक झाली.

दुपारी महाराज देवळात जेवायला बसले आणि गोजरा धर्मशाळेत आली. काकू पेटी घेऊन आधीच येऊन बसल्या होत्या, भोवती कालच्या बायका. तिनं ठकूला काकूंच्या शेजारी बसवलं आणि चादर अंथरली. चारही कोपरे ओढून घेतले, तळहातानं सुरकुत्या काढल्या. काकू वाकल्या. डोळे लावून पाहिलं, नाक लावून पाहिलं, गाल लावून पाहिला.

"मधे शिवण आहे," शेवटी त्या म्हणाल्या.

"आहे काकू. पण दाबून घातलीय. टोचायची नाही."

काकू बाजूला सरल्या. गोजराचा ऊर भरून आला. नवस फिटला! तेवढ्यात ठकू कुरकुरली. गोजरानं तिला उचललं, आणि काय सांगावं! आठ महिने दिवसातून दहादा अंथरूण घालून लगेच वर बाळ ठेवायची सवय त्या हातांना. त्यांनी गोजराला विचारलंच नाही. अंथरुणाच्या बरोबर मधोमध त्यांनी ठकूला नेऊन ठेवलं.

आणि ठकूनं आपलं काम केलं.

मधोमध भाकरीएवढं ओलं वर्तुळ पसरलं. गोजरा मटकन खाली बसली. "माझ्याच हातांनी केलं हो!" तिला हुंदका आवरेना.

"उघडा पेटी!" काकू कडाडल्या. पण किल्ली त्यांच्याच कमरेला होती, तेव्हा त्यांनीच ती उघडली. वरचा पलंगपोस उचलला आणि त्यांचा हात तसाच थांबला. मधोमध भाकरीएवढी ओल. कोमट! दुसरा काढला, त्यालाही तीच. तिसरा, सातवा, पंधरावा... "अगं बाई, अगं बाई" करत काकू पेटीच्या तळाला पोचल्या. एकवीसच्या एकवीस ओले! आणि वास? तो सांगायला नको. काल खुसखुसणाऱ्या बायकांनी आता नाकाला पदर लावले होते.

इतक्यात महाराज हात पुसत आत आले. त्यांनी पेटीकडे पाहिलंही नाही. ठकूला अलगद उचलून चादरीच्या कोरड्या कडेला निजवलं आणि स्वतः ओल्यात आडवे झाले.

"महाराज, ओलं आहे हो तिथे!" गोजरा कळवळली.

"ठाऊक आहे. तू रोज हिला कोरड्यात सारतेस आणि आपण ओल्यात निजतेस. आज एक दुपार मी निजतो. तू जरा भिंतीला टेक."

पाहता पाहता महाराज घोरू लागले. आठ महिन्यांत प्रथमच ठकूही गप्प झोपली, आणि गोजराचाही डोळा लागला. घटकेनं महाराज उठले, तर चादर कोरडी खडखडीत, डागाचं नाव नाही!

म्हाळसाकाकू पेटीला धरून रडत होत्या. "महाराज, काय चुकलं माझं? मी यांना फुलासारखं जपलं हो. कुलपातल्या कपड्यांवर कोण निजलं?"

"बाळकृष्ण," महाराज म्हणाले. "दुसरं कोण इतक्या ठिकाणी निजेल? वर्षानुवर्षं कोरं अंथरूण पडून आहे, कुणी बोलवत नाही, म्हणून आपणच आला. लहान मूल ते, काकू. निजलं म्हणजे ओलं करणारच."

काकूंचा चेहरा आधी पडला, मग उजळला. देव आपल्याकडे एकवीसदा निजून गेला, आणि आपण नाकाला पदर लावून बसलो! त्यांनी महाराजांचे पाय धरले. मग गोजराकडे वळून हळू आवाजात विचारलं, "गोजरे, परटिणीला हे दाखवायची लाज वाटते गं. धुवायचं कसं?"

"आधी गार पाणी, काकू. गरम घातलं तर डाग बसतो. चला, मी येते."

दोघी नदीवर गेल्या. ठकूला करंजाच्या सावलीत निजवलं. भिजलेला पलंगपोस एकटीला पिळवत नाही, म्हणून एक टोक गोजरानं धरलं, एक काकूंनी. एकविसावा पिळताना काकूंच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. देशमुखांची बाई हसत होती. पलंगपोस काठावर पसरून त्या करंजाखाली गेल्या आणि वाकल्या. गोजराला वाटलं, ठकूला उचलताहेत. पण काकूंनी कपाळ ठकूच्या पायांना टेकवलं.

"काकू, अहो, हे काय करताय?"

"गप गं," काकू तशाच वाकून कुजबुजल्या. "उठेल ना ती."