दार नसलेलं तोरण

ऊन डोक्यावर आलंय, खिंडीत बूड टेकायला धड जागा नाही, आणि तुम्हाला गोष्ट पाहिजे. सरपंचबाई म्हणाल्या, "आप्पा, पाहुणे लांबून आलेत, सांगा जरा." त्यांचं काय जातंय, घसा माझा. शाळेत मी दोन बुकं शिकलो, त्यातलं एक हरवलं. तेव्हा मधेमधे विचारू नका. एकदाच सांगेन.

वर बघा. अलीकडे ऐनाचं झाड, पलीकडे हा काळा धोंडा, आणि मधे आंब्याच्या पानांचं तोरण. दसऱ्याचं पहिलं तोरण गावातल्या कुठल्या घराला लागत नाही, इथं लागतं. इथं घर नाही, दार नाही, वाऱ्याशिवाय कोणी आत-बाहेर करत नाही. आता पानं बघा. एक सुलटं, एक उलटं, पुन्हा सुलटं. मागं एक बाई म्हणाली, ओवणाऱ्याचं लक्ष नव्हतं वाटतं. लक्ष होतं म्हणून तर तसं ओवलंय.

फार मागं, म्हणे, गावात सटवाजी नावाचा माणूस तोरणं करायचा. अंबाडीची दोरी मांडीवर वळायची, बाभळीच्या काट्यानं पान टोचायचं, सुईचं लोखंड पानाला लावायचं नाही. पानाची तुकतुकीत बाजू कायम बाहेर, येणाऱ्याच्या तोंडाकडे. लगीन असो, बारसं असो, तोरण त्याच्याच हातचं. हात गोड आणि तोंड कडू, असा माणूस.

त्याला एकच लेक, हौसा. बापाशेजारी बसून बसून तिचाही हात बसला होता. तिच्या लग्नाच्या सकाळी सटवाजी मांडवाच्या मेढी रोवण्यात गुंतला होता, तेवढ्यात हिनं आपल्या हातानं तोरण ओवून दाराला बांधलं. वऱ्हाड वेशीतून आत आलं तेव्हा सटवाजीची नजर वर गेली. सगळी पानं उलटी. शिरा वर आलेली फिकी पाठ येणाऱ्याकडे, आणि तुकतुकीत बाजू घराच्या आत.

ज्यानं गावाची दारं सजवली त्याच्याच दारात हे. वऱ्हाडातलं कोणी हसलं म्हणतात. कोणी म्हणतात, नुसतं खोकलं. सटवाजीला ते हसणंच वाटलं. त्यानं तोरण ओढून खाली टाकलं. हौसा म्हणाली, "आबा, ऐका तरी." त्यानं ऐकलं नाही. देव्हाऱ्यातला भंडारा मुठीत उचलला आणि सगळ्यांसमोर बोलून बसला, "ह्या दाराला पुन्हा तोरण लागायचं न्हाई."

तुम्हाला ह्यात काही वाटणार नाही. पण आमच्याकडे सणासुदीला बिनतोरणाचं दार म्हणजे सुतकाचं दार. त्यातून सासरी गेलेली लेक आत येत नाही. आली तर माहेराला बाधतं. आणि त्या काळी सणाशिवाय सुनेला माहेरी धाडतंय कोण? म्हणजे बापानं मूठभर भंडाऱ्यात लेकीचं माहेर बंद केलं. अक्षता पडल्या आणि हौसा ही खिंड चढून पलीकडच्या खोऱ्यात गेली. तिनं वळून बघितलं नाही असं सांगतात. मी म्हणतो, बघितलं असेल.

सात दसरे गेले. सटवाजी गावाला तोरणं बांधायचा आणि स्वतःच्या बोडक्या दारातून मान खाली घालून आत जायचा. मनात काय व्हायचं ते होत असेल. पण भंडारा उचलून टाकलेला शब्द परत गिळता येत नाही.

आठव्या वर्षी भादव्यात त्याची बायको ठकूबाई अंथरुणाला खिळली. पाय गेले, अन्न जाईना. बाज दाराकडे तोंड करून टाकलेली. एक दिवस सटवाजी पेज घेऊन आला, तर ती शेजारच्या खुंटीकडे टक लावून बघत होती. खुंटीला काहीतरी करपल्यासारखं लटकत होतं. जवळ जाऊन बघतो तर वाळलेलं तोरण. हौसाचं. सात वर्षं कणगीत दडवून ठेवलेलं, ते ठकूबाईनं शेजारणीकडून काढून घेऊन टांगलं होतं.

"हे कशाला ठेवलंस?" त्यानं विचारलं.

"त्या दिवशी तुम्ही भाईर उभं होता," ठकूबाई म्हणाली. "मी आत होते. पोरगी बांधताना मला विचारत होती, 'आई, आतून बरं दिसतंय का गं?' म्हणाली, पाव्हणं काय, घटकाभर बघतील आन् जेवून जातील. मी गेल्यावर तुम्ही दोघंच आत बसणार. चांगली बाजू तुमच्याकडं असू दे."

सटवाजी हातातली पेज घेऊन तसाच उंबऱ्यावर बसला. वर बोडकी चौकट. गावातलं एकूण एक दार त्याला पाठ होतं, पण सगळी दारं त्यानं बाहेर उभं राहून बघितली होती. आत बसून दाराकडे बघणारंही कोणी असतं, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"सात वर्सं बोलली का न्हाईस?"

"तुम्ही काय ऐकणारा माणूस होता व्हय?"

गार झालेली पेज खाली ठेवून तो म्हणाला, "तिला एकदा बघायचं असंल तुला. पण शब्द देवापुढं दिलाय. दाराला तोरण लावता येत न्हाई."

"दाराला न्हाई ना?" ठकूबाई म्हणाली. "मग जिथं दार न्हाई तिथं लावा की."

पलीकडच्या खोऱ्यात बांगड्या भरायला एक कासार जायचा. त्याच्याकडे सटवाजीनं निरोप दिला: हौसाला म्हणावं, दसऱ्याला खिंडीत ये, तुझ्यासाठी तोरण लावतोय. मग तो ओवायला बसला आणि पहिल्याच पानाला अडला. लेक येणार पलीकडून, ठकूबाईची बाज असणार अलीकडे. तुकतुकीत बाजू करायची कोणाकडे? अर्धा दिवस ते पान हातात धरून बसला म्हणतात. मग एक पान लेकीकडे तोंड करून ओवलं, एक बायकोकडे.

दसऱ्याच्या सकाळी चौघांनी बाज उचलून खिंडीत आणली. सटवाजीनं तोरणाचं एक टोक ऐनाला बांधलं. दुसरं बांधायला कोणी पुढं आला की हात झिडकारायचा. "जिचं तोडलं तीच बांधंल," म्हणायचा. दोरी ताणून, हात वर करून, ह्या धोंड्याला खांदा लावून उभा राहिला. सकाळ गेली, दुपार भरली. सोनं वाटायला निघालेली माणसं येऊन बघून गेली.

"दमला असाल तर ठेवा खाली," ठकूबाई बाजेवरून म्हणाली.

"तू गप पड."

"मी पडलेलीच हाय."

उन्हं कलली. हात भरून आला, पण खाली आला नाही. तेव्हा म्हणे धोंड्यालाच दया आली. तो मेणासारखा मऊ झाला आणि म्हाताऱ्याचा खांदा त्यानं आत घेतला. हा बघा खळगा, हात लावून बघा. माणसाचा खांदा बरोबर बसतो.

दिवस डोंगराला टेकता टेकता पलीकडच्या चढावर हौसा दिसली. आली, आणि तोरणाच्या पलीकडे चार पावलांवर थांबली. पानांकडे बघितलं. बापाकडे बघितलं. ज्यानं जन्मात कधी आपली चूक कबूल केली नव्हती त्या सटवाजीनं गावासमोर तोंड उघडलं.

"हौसा, मी चुकलो. मी भाईरूनच बघितलं."

ती पुढं आली. बापाच्या हातातलं टोक तिनं आपल्या हातात घेतलं. "आबा, हात खाली घ्या आता," म्हणाली, आणि धोंड्याला तीन वेढे देऊन गाठ मारली. मग तोरणाखालून अलीकडे येऊन आईच्या उशाशी बसली. ठकूबाईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, वर बघितलं आणि म्हणाली, "आतून बरं दिसतंय गं."

ते तोरण पुढच्या दसऱ्यापर्यंत हिरवंगार राहिलं असं सांगतात. आमची चार दिवसांत वाळतात, ते सोडा.

आजही दसऱ्याला पहिलं तोरण इथं लागतं. ऐनाचं टोक कोणीही बांधावं. दुसरं टोक ज्याची चूक असेल त्यानं धरून उभं राहायचं, मोठ्यानं 'मी चुकलो' म्हणायचं, आणि ज्याला दुखावलं त्यानं गाठ मारायची. आजही इथं भाऊ-भाऊ बोलायला लागतात, जावा-जावा रडतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

मीही सहा दसरे येतोय, गाठ मारायला हात मोकळे ठेवून. चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर बसून हे तोरण ओवलं, त्यानं तुमच्यासारख्याच पाहुण्यांपुढं सांगितलं की हा खळगा म्हशींनी अंग घासून पाडलाय आणि आप्पा पदरचं सांगतो. तेव्हापासून मी एकटा ओवतो. उलटी पानं तो ओवायचा, सुलटी मी. आता दोन्ही मलाच ओवावी लागतात, आणि उलटी मला त्याच्यासारखी जमत नाहीत. खाली उतरलात की पिंपळाशेजारी निळं दार लागेल. आत बसलेला असतो. मी अजून येतोय म्हणून सांगा त्याला. महिपती ढेकळे नाव त्याचं.