टिंबूचा दाणा आणि पिवळा रुमाल

चपलांच्या खोक्यात राहायचा टिंबू. उंदीर कसला, चिमूटभर जीव! पांढरा पांढरा, जुईचा लाडका. रोज सकाळी जुई त्याला एक शेंगदाणा द्यायची.

आज दाणाच नाही. काल वसूआत्याचं लग्न झालं. आत्या सासरी गेली. घर कसं गप्प गप्प.

टिंबू आपल्या नव्या मऊ गादीवरून उठला. तुरु तुरु तुरु. जुईकडे गेला.

"जुईताई, जुईताई, दाणा दे. भूक मला सोसेना."

जुईचे केस पिंजारलेले. रोज आत्याच वेणी घालायची. जुई म्हणाली, "आई वेणी घालेल, तेव्हा दाणा देईन."

तुरु तुरु तुरु. टिंबू गेला आईकडे.

"आई, आई, वेणी घाल. जुई दाणा देईना, भूक मला सोसेना."

आई ताट झाकून बसलेली. म्हणाली, "बाबा घास घेतील, तेव्हा वेणी घालीन."

तुरु तुरु तुरु. टिंबू गेला बाबांकडे.

"बाबा, बाबा, घास घ्या. आई वेणी घालीना, जुई दाणा देईना, भूक मला सोसेना."

बाबा खिडकीशी उभे. म्हणाले, "आजोबा बोलतील, तेव्हा घास घेईन."

तुरु... तुरु... टिंबू दमला. गेला आजोबांकडे.

"आजोबा, आजोबा, बोला ना. बाबा घास घेईनात, आई वेणी घालीना, जुई दाणा देईना, भूक मला सोसेना."

आजोबा बोललेच नाहीत. नुसते उशीखाली शोधत राहिले.

मागून बाबाच हळूच म्हणाले, "जाताना आत्याने त्यांना आपला रुमाल दिला. पिवळा. तो हरवला. सापडेल, तेव्हा बोलतील."

पिवळा रुमाल? काल खुर्चीखाली पडला होता. टिंबूनेच ओढत नेला होता. तीच तर त्याची नवी गादी!

टिंबू खोक्यात जाऊन बसला. अगदी रडवेला झाला. "आजोबा काही बोलेनात, बाबा घास घेईनात, आई वेणी घालीना, जुई दाणा देईना, भूक मला सोसेना. आणि रुमाल? रुमाल माझ्याच खाली."

गादी दिली, तर थंडी वाजणार. तरी टिंबू उठला. रुमाल दातांत धरला. सर्र... सर्र... आजोबांच्या पायाशी नेऊन ठेवला.

आजोबांनी रुमाल उचलला. डोळ्यांना लावला.

"माझी वसू जेवली असेल का रे?"

आजोबा बोलले. बाबांनी घास घेतला. आईने वेणी घातली. जुईने दाणा दिला. टिंबूने खाल्ला. कुट् कुट् कुट्.

आत्या काही परत आली नाही. घर अजून गप्पच होतं. टिंबूचं खोकंही रिकामं. तो काकडत बसला.

आजोबांनी रुमाल घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग टिंबूला उचललं. त्यालाही रुमालावर ठेवलं.

दाणा पोटात. टिंबू खिशात. गोष्ट तुझ्या कानात.