राखीव नाव

एका बंदरगावात डोळ्यांचा एक छोटा दवाखाना होता. तिथे हेरंब नावाचा माणूस संगणकाचे काम पाही. रोग्यांच्या डोळ्यांचे फोटो काढायचे, प्रत्येक फोटोच्या फाइलला रोग्याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे द्यायची आणि दर सोमवारी सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवायच्या. ते फोटो पाहून तिथले डॉक्टर शस्त्रक्रियेची यादी करत. हेरंब कामात चोख होता, पण आपल्याला कुणी अडवलेले त्याला खपत नसे.

एकदा मासेमारीची जाळी विणणाऱ्या प्रयाग रामचंद्र नागवेकर तपासणीला आल्या. हेरंबने त्यांच्या फाइलला नाव दिले, पी-आर-एन. संगणकाने ते नाकारले. हे नाव राखीव आहे, दुसरे द्या, असा संदेश आला. हेरंबने तीनदा तेच टाइप केले. तीनदा तोच संदेश.

शेजारी उभ्या असलेल्या मंदाकिनी सिस्टर म्हणाल्या, "नाही म्हणतोय तर काही कारण असेल. शहरात फोन करून विचार ना."

"नाव कसं द्यायचं ते आता यंत्र मला शिकवणार?" हेरंब म्हणाला.

दवाखान्यात वेगळ्या प्रणालीवर चालणारा दुसरा एक संगणक होता. त्याने ते नाव मुकाट्याने घेतले. हेरंब खूश झाला आणि पेनड्राइव्ह रवाना झाला.

आठ दिवसांनी यादी आली. तीत प्रयागबाईंचे नाव नव्हते. त्या सकाळच्या एसटीने येऊन बाकावर बसल्या होत्या. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई त्यांना म्हणाल्या, "यादीत नाव नाही, म्हणजे घाई नसावी. दोन महिन्यांनी या."

"पण मला सुतळीची गाठ दिसेनाशी झालीय," प्रयागबाई हळूच म्हणाल्या. मग पिशवी उचलून त्या दाराकडे निघाल्या.

हेरंबला ते राखीव नाव आठवले. त्याने आत जाऊन शहरात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, "पी-आर-एन? ती फाइल आमच्या संगणकावर उतरलीच नाही. ते नाव जुन्या काळापासून प्रिंटरसाठी राखून ठेवलेलं आहे. पुढे नुसतं नागवेकर लिहिलं असतं तरी चाललं असतं."

हेरंबने फोन ठेवला. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळले नसते. पण तो बाहेर धावला, प्रयागबाईंना फाटकापाशी गाठून परत आणले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, यांचा फोटो शहरात पोहोचलाच नाही. संगणक नको म्हणत होता, सिस्टरही सांगत होत्या. मी हट्टाने पाठवला."

डॉक्टरीणबाईंनी त्याच वेळी तो एक फोटो नव्या नावाने ईमेलवरून पाठवायला लावला. तासाभरात निरोप आला : डोळ्यातला दाब वाढून आतली नस खराब होत चाललेली दिसते, उद्याच घेऊन या.

शस्त्रक्रिया झाली. उजवा डोळा वाचला. डाव्याची कडेची नजर मात्र गेली ती गेलीच. हेरंब भेटायला गेला. प्रयागबाई म्हणाल्या, "आधी विचारलं असतंस तर माझे आठ दिवस वाचले असते, बाबा. पण त्या दिवशी बोललास, म्हणून एक डोळा तरी धड राहिला."

तात्पर्य : नियम आडवा आला तर आधी त्याचे कारण विचारावे, आणि हट्टापायी चूक झालीच, तर ती लगेच कबूल करावी, कारण आपल्या गप्प बसण्याची झळ दुसऱ्यालाच लागते.