ओला रथ आणि मातीत पडलेलं फडकं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कोणी उरलेलं नाही.

त्या राज्याच्या राणीचा एक रथ होता. काळ्याभोर लाखेचा, समोर उभं राहिलं तर आपलं तोंड दिसावं असा. एक म्हातारा त्याची राखण करायचा. सारी हयात रथ धुण्यापुसण्यात गेली आणि आता तो थकला होता. साधासुधा नाही हो, सकाळी डोळे उघडायचंसुद्धा जिवावर यावं इतका थकला होता.

राणीला ते दिसत होतं. ती म्हणाली, "बाबा, यंदाची मिरवणूक झाली की रथ धुऊनपुसून, आहे तसा माझ्या हवाली करा. मग तुम्ही मोकळे. लेकीकडे जा, निवांत राहा."

म्हाताऱ्याने शब्द दिला. लेक नदीपलीकडे राहायची. निरोप मिळताच ती बैलगाडी घेऊन आली. पावसाळा तोंडावर होता आणि एकदा नदीला पाणी चढलं की दिवाळीपर्यंत गाडी पार होत नसे. म्हणून मिरवणुकीच्या दुसऱ्याच सकाळी निघायचं ठरलं.

मिरवणुकीहून रथ धुळीने आणि चिखलाने माखून आला. म्हाताऱ्याने घागरीमागून घागर ओतली, चिखल भिजवला, आपोआप निथळू दिला. दुपार कलली, कंबर मोडून आली, आणि पुसायचं तेवढं राहिलं. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, तसं.

पुसायची त्याची एक रीत होती. जुन्या धोतराचं मऊ फडकं रथावरच्या पाण्यावर नुसतं टेकवायचं, पाणी त्यात जिरू द्यायचं आणि उचलायचं. घासायचं म्हणून नाही. पण हात दमले होते. फडकं निसटलं आणि अंगणातल्या मातीत पडलं.

दुसरी फडकी रथशाळेच्या मागे दोरीवर होती. म्हाताऱ्याने तिकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, आणि खालचंच फडकं उचलून झटकलं.

शेजारी राणीचा म्हातारा घोडा बांधलेला होता. तो म्हणाला, "गड्या, ते नको. त्यात माती आहे." आता घोडा कसा बोलेल म्हणून मला विचारू नका. घोडे बोलतात, ऐकायला फुरसत कोणाला आहे?

"झटकलं की!" म्हातारा म्हणाला.

"झटकून धूळ उडते. वाळूचा कण अडकून राहतो. दमलास तर बस घटकाभर."

"बसलो तर पाणी जागच्या जागी सुकेल. पांढरे डाग पडतील."

"पडू देत. डाग पुन्हा ओला केला की निघतो. ओरखडा निघतो का?"

"तू गप रे! तुझं काय जातंय सांगायला," म्हातारा खेकसला. टेकवणं सोडून तो भराभर घासायलाच लागला. एकदाचं उरकू दे, एवढंच त्याच्या मनात होतं. रथ ओला होता तोवर काहीच दिसलं नाही. म्हातारा तिथेच आडवा झाला.

सकाळी ऊन पडलं. कोरड्या रथावर जिथे जिथे हात फिरला होता, तिथे तिथे गोल गोल ओरखडे उमटले होते.

राणी रागावली नाही. रागावली असती तर परवडलं असतं. ती नुसती म्हणाली, "बाबा, लाखेचं काम तुमच्याशिवाय इथे येतं कोणाला? नवे थर चढवा. रथ होता तसा झाला की जा."

पावसाळी हवेत लाखेचा थर लवकर धरत नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

लेक म्हणाली, "आबा, चला ना. रथच तर आहे!"

"शब्द दिलाय, पोरी. तू नीघ. पाणी चढायच्या आत नदी गाठ."

गाडी रिकामीच गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत म्हातारा बघत राहिला. मग डोळे पुसून लाख वितळवण्यासाठी चूल पेटवायला बसला. अरेरे! दोरीपर्यंत जायचा कंटाळा केला आणि अख्खा पावसाळा गळ्यात बांधून घेतला.

म्हणून लहानथोर सगळ्यांनाच सांगतो: दमलात तर खुशाल बसा, पण उरकायचं म्हणून शेवटचा हात फिरवू नका. डाग धुतला जातो, ओरखडा नाही.