केरबा तक्रार करतो

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव केरबा दादू पोवार. हात मोठा सफाईदार, पण सांगितलेलं जसंच्या तसं करायचा. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मास्तर, खिसा असा करा की पैसे पडता कामा नयेत." केरबानं खिशाचं तोंडच शिवून टाकलं.

त्याची बायको अनुसया मात्र शहाणी. गावातल्या बायका साडीला पिको करायला तालुक्याला जात. ते मशीन आपल्याच दुकानात आलं तर बरं होईल, असं तिनं मनात धरलं. केरबा मशीनसाठी कर्ज मागायला बँकेत गेला. बँकेनं नोंदी बघितल्या आणि कर्ज नाकारलं. नोंदीत स्वच्छ दिसत होतं की केरबा दादू पोवारनं टेंपोसाठी कर्ज काढलंय आणि नऊ हप्ते थकवलेत.

केरबाला सायकलसुद्धा येत नव्हती.

मग टेंपोला कर्ज दिलेल्या फायनान्स कंपनीचा वसुलीवाला दारात यायला लागला. निकम त्याचं नाव. रोज सकाळी यायचा आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायचा, "केरबा दादू पोवारनं टेंपो घेतला आणि हप्ते बुडवले."

केरबा घाबरला. हा एवढा घेतला म्हणतोय, तर असणारच कुठंतरी. तो परड्यात गेला. वैरणीच्या गंजीमागं बघितलं. न्हाणीत डोकावला. मग परत येऊन म्हणाला, "साहेब, टेंपो काय गावंना. रंग कुठला हुता त्याचा?"

निकमला वाटलं, हा आपली टिंगल करतोय. तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला. आठवडाभरात बायका ब्लाऊज शिवायला टाकायच्या बंद झाल्या. नळावर अनुसया दिसली की बोलणं थांबायचं. ती एवढंच म्हणाली, "अवो, त्या शबानाकडं जावा. ती सांगंल काय करायचं ते."

शबाना गावातलं सेवा केंद्र चालवायची. उतारे, दाखले, सरकारी फॉर्म, सगळं तिच्याकडं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"केरबामामा, तुमच्याच नावाचा दुसरा कुणीतरी असणार. त्याचं कर्ज तुमच्या नावावर चढलंय. आपण जिल्ह्याच्या कार्यालयात तक्रार करू. पण तोवर कुणी काही सांगायला आलं तर तोंडी ऐकून घ्यायचं नाही. लेखी द्या म्हणायचं."

"लेखी," केरबा म्हणाला. "ध्यानात ऱ्हाईल."

दुसऱ्या दिवशी शेजारचे बाळूअण्णा धावत आले. "केरबा, तुझ्या दुकानात शेरडं शिरल्यात."

"लेखी द्या."

"अरं, कापड खायला लागल्यात."

"तोंडी चालत न्हाई, अण्णा."

बाळूअण्णा घरात गेले. कागद शोधला, पेन शोधलं, पेन चालेना म्हणून नातवाची पेन्सिल घेतली. शेरडं शिरल्यात, असं लिहून सही करून दिलं. केरबानं वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दुकानात गेला. तोवर शेरडांनी मागंच शिवून ठेवलेला सरपंचबाईंचा ब्लाऊज संपवला होता. अस्तर तेवढं राहिलं होतं.

शबानानं कपाळाला हात लावला. "मामा, शेजाऱ्यानं हाक मारली तर कागद मागायचा नसतो. काठी घ्यायची, धावत सुटायचं आणि जे आत शिरलं असेल ते हाकलून द्यायचं."

"काठी," केरबा म्हणाला. "ध्यानात ऱ्हाईल."

चार दिवसांनी बँकेचे साहेब स्वतः चौकशीला आले. माणूस सज्जन होता. हा शिंपी खोटं बोलत नसावा, असं त्यांना वाटलं होतं. ते दुकानात टेकले तेवढ्यात बाळूअण्णांनी परड्याकडं तोंड करून हाक मारली, "केरबा, दुकानात कोण आलंय बघ."

केरबा काठी घेऊन धावत आला. साहेब वेशीपर्यंत पळाले. एक चप्पल केरबाच्या दारात राहिली.

ह्या वेळी शबानानं आधी ती चप्पल साहेबांना पाठवून दिली. मग सावकाश म्हणाली, "मामा, बॅग घेऊन साहेब माणूस आला की त्याला खुर्ची द्यायची. चहा द्यायचा. आणि तो म्हणेल तिथं सही करायची."

"खुर्ची, चहा, सही."

दुसऱ्या दिवशी निकम आला. हातात बॅग होती. केरबानं त्याला खुर्ची दिली. चहा दिला. निकमला आधी विश्वास बसेना. मग त्यानं पटकन कागद काढला. टेंपोचं कर्ज मला मान्य आहे, असं त्यावर छापलेलं होतं.

"हं, खाली सही करा," तो म्हणाला.

केरबानं खाली बघितलं. जमीन कालच सारवलेली होती. तो उकिडवा बसला, कापडावर खुणा करायचा खडू घेतला आणि जमिनीवर झोकदार सही केली.

"इथं न्हवं हो. खाली, खाली."

केरबा सरकला आणि उंबऱ्याच्या खालच्या पायरीवर दुसरी सही केली.

निकम उरलेला चहा तसाच ठेवून गेला. अनुसयेनं सगळं आतून बघितलं होतं. ती तशीच शबानाकडं गेली. म्हणाली, "बाई, आता तक्रार आजच्या आज घाल. ह्यांच्या हातात पुढचा कागद पडायच्या आत."

संध्याकाळी शबानानं केरबाला संगणकासमोर बसवलं. तिनं त्याला मराठी टंकायला मागंच शिकवलं होतं. आज केंद्रात दाखल्यांसाठी रांग लागली होती. ती रांगेतले कागद तपासत होती आणि केरबा फॉर्म भरत होता.

"ताई, तक्रार कुणाविरुद्ध, असं इचारतंय."

शबानानं मान वर न करता सांगितलं, "ज्याच्यामुळं तुमचं नाव खराब झालं, त्याचं नाव टाका."

केरबानं विचार केला. कर्ज कुणी बुडवलं? निकम तर रोज ओरडून सांगत होता. त्यानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, केरबा दादू पोवार. पत्ता विचारला, तोही बरोबर दिला. फॉर्म गेला.

"तक्रारदार म्हणून तुम्हाला पत्र आलं की मला आणून दाखवा," शबाना म्हणाली.

महिन्यानं पोस्टमननं दोन पाकिटं दिली. एकावर तक्रारदार लिहिलं होतं, दुसऱ्यावर प्रतिवादी. केरबानं तक्रारदाराचं तेवढं शबानाला दाखवलं. तिला फार आनंद झाला. पत्रात प्रतिवादीचं नाव नव्हतं, जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणी लागली आहे एवढंच होतं.

"मामा, तिथं समोरची पार्टी असेल. तिच्याशी भांडायचं नाही. तिचंही ऐकून घ्यायचं. साहेबांनी मिटवा म्हटलं की समजुतीनं मिटवून टाकायचं."

"समजुतीनं," केरबा म्हणाला. "ध्यानात ऱ्हाईल."

अनुसयेनं त्याला इस्त्रीचा सदरा दिला, भाकरी बांधून दिली आणि स्टँडवर जाऊन गाडीत बसवून दिलं. गाडी दिसेनाशी होईतोवर ती तिथंच उभी होती.

कार्यालयात त्या दिवशी साठ प्रकरणं होती. अधिकारी बाईंसमोर फायलींचा ढीग होता आणि त्या मान वर न करता काम उरकत होत्या.

"तक्रारदार केरबा दादू पोवार?"

"आलोय," केरबा डावीकडच्या खुर्चीवरून म्हणाला.

"प्रतिवादी केरबा दादू पोवार?"

केरबा उठला आणि उजवीकडच्या खुर्चीवर जाऊन बसला. "आलोय."

"नावं सारखीच आहेत. भाऊबंद दिसताय. बाहेर जा आणि आपसात मिटतंय का बघा."

केरबा बाहेर व्हरांड्यात गेला. दोन चहा सांगितले. एक स्वतः प्यायला, दुसरा समोरच्या पार्टीच्या वतीनं प्यायला. तिचंही सगळं ऐकून घेतलं. पार्टी तशी वाईट नव्हती. अर्ध्या तासानं तो आत आला.

"मिटलं का?"

"मिटलं, बाईसाहेब."

"काय ठरलं?"

"कर्ज माझंच हाय, असं त्यानं कबूल केलं."

बाईंनी तसं लिहून घेतलं. दोन्ही पार्ट्यांच्या सह्या मागितल्या. केरबानं दोन्ही केल्या. बाईंनी शिक्का मारला.

"आणि हप्ते? प्रतिवादी भरणार का ते?"

"त्यो कुठनं भरणार? लई गरीब माणूस हाय. बघून डोळ्यात पाणी आलं माझ्या."

"मग कोण भरणार?"

"मी भरतो की," केरबा म्हणाला.