कापसातली घड्याळं

मनगटावर घड्याळ बांधल्याशिवाय लोक घराबाहेर पडत नसत, त्या काळातली ही गोष्ट. त्र्यंबक केळुसकरांना जुनी, स्वस्तातली घड्याळं जमवायचा नाद होता. जुन्या बाजारातून आणलेलं प्रत्येक घड्याळ ते पुसायचे आणि कापसात गुंडाळून खणात ठेवायचे. चावी मात्र द्यायचे नाहीत. चाललं की झिजतं, असं त्यांचं म्हणणं.

एकदा त्या खणात एका नर्सबाईंचं घड्याळ आलं.

"इथे चावी कधी देतात?" त्याने शेजारच्या घड्याळाला विचारलं. "बाई रोज सकाळी चहा उकळेपर्यंत द्यायच्या. मग दिवसभर माझ्याकडे बघून रोग्यांची नाडी मोजायच्या."

"इथे चावी देत नाहीत," शेजारचं म्हणालं. "इथे जपतात."

"पण नुसतं पडून राहिलं तर आतलं तेल घट्ट होईल."

"माझं झालंय. सवय होते."

अकरा वर्षांनी केळुसकरांच्या हातातलं घड्याळ बंद पडलं. त्यांनी खण उघडून एकेकाला चावी देऊन पाहिली. एकही चालेना. शेवटी नर्सबाईंच्या घड्याळाची पाळी आली. त्याने सगळा जीव एकवटला. सेकंदकाटा एक घर सरकला आणि तिथेच थांबला.

"एवढं जपून ही गत," केळुसकर पुटपुटले. "वापरली असती तर काय झालं असतं."

रविवारी त्यांनी बाजारातून आणखी एक घड्याळ आणलं. ते चालू होतं. त्याची चावी संपेपर्यंत ते थांबले आणि मग त्यालाही कापसात ठेवलं.

"इथे चावी कधी देतात?" नव्या घड्याळाने विचारलं.

नर्सबाईंचं घड्याळ म्हणालं, "इथे जपतात."