टेकलेलं चाक

“...पण सर, उड्डाणात माझी चूक कुठे झाली, तेवढं सांगा.”

रणदिवे सर गवतात उकिडवे बसले होते. ते ग्लायडरच्या मोडक्या शेपटीवरून हात फिरवत होते.

ऋजुता उभीच होती. वाघजाईच्या माळावर ग्लायडर शिकायला येणाऱ्यांत ती सगळ्यांत हुशार, आणि हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. काल ती पहिल्यांदाच एकटी वर गेली. इंजिन नसलेलं ते विमान तिनं एका घारीच्या मागोमाग घिरट्या घेत पार ढगाखाली नेलं. उतरलीही झकास. चाक अलगद टेकलं.

आणि मग, माळावरून घरंगळत असतानाच, डावा पंख कलला, गवतात रुतला. ग्लायडर गर्रकन फिरलं. शेपटी मोडली. तिला साधं खरचटलंसुद्धा नाही.

“मोडलं ते जमिनीवर आल्यावर,” ती म्हणाली. “हवेत नाही.”

“चाक टेकलं तेव्हा कुठे बघत होतीस?”



“वर,” ऋजुता पुटपुटली. “ती घार अजून तिथेच होती, सर...”

कालपासून तिला अन्न गोड लागत नव्हतं. परत वर जायला मिळणार की नाही, या एका गोष्टीपाशी तिचा जीव अडकला होता. आणि ते सरांच्या हातात होतं.

“मला परत कधी सोडणार?”

सर मोडकी शेपटी चाचपत राहिले.

नजर अधू झाली म्हणून डॉक्टरांनी त्यांचं उडणं कधीच बंद केलं होतं. तरी ते रोज माळावर यायचे, पोरांना वर धाडायचे. स्वतः आभाळाकडे फारसं बघायचे नाहीत.

“तुम्हांला नाही कळायचं,” ऋजुता चिडून म्हणाली. “तुम्ही सोडून दिलंत ना.”

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सर उठले. गुडघ्यांवरचं गवत झटकलं.

“चल.”

माळाच्या टोकाला दुसरं, जुनं ग्लायडर वाऱ्याकडे तोंड करून उभं होतं. पोटाखाली एकच चाक, त्यामुळे एक पंख कायम जमिनीला टेकलेला.

“बस आत.”

ती बसली. खांद्याचे पट्टे घाईनं आवळले. मग तिला दिसलं, वर ओढून नेणारी दोरी लावलेलीच नव्हती.

सरांनी टेकलेला पंख उचलून दुसऱ्याच्या पातळीत आणला.

“वारा चांगला आहे. दांडी धर आणि तिच्यानं पंख तोलून ठेव. पडू द्यायचा नाही.”

त्यांनी हात सोडला.

वारा पंखांवरून वाहत होता. ग्लायडर तोललं गेलं, जागच्या जागी. सगळं उडण्यासारखंच होतं, फक्त उडणं तेवढं नव्हतं. वरून घारीची शीळ आली. तिनं मान वर केली.

धप्पकन पंख खाली आला.

सरांनी तो उचलला. सोडला.

पुन्हा शीळ. पुन्हा तेच.

“हे काय उडणं आहे, सर?”

“नाही.”

त्यांनी पंख उचलला.

असं किती वेळा झालं, तिनं मोजणं सोडून दिलं. मनगट भरून आलं. राग आला, गेला. त्याखाली होती ती नुसती ओढ. वर जावं. आत्ता, या घटकेला.

ऊन कलतं झालं. समोरच्या गवतावरून एक सावली सरकत गेली, परत आली, तिच्या नाकासमोर गोल फिरत राहिली. घार अगदी डोक्यावर होती.

 ऋजुताचे डोळे भरले. तिनं ते माळाच्या पलीकडच्या टोकावर रोवून ठेवले.

पंख हलला नाही.

वारा हळूहळू पडत गेला. शेवटच्या झुळुकेपर्यंत तिनं तो पंख तोलला, आणि मग तो सावकाश गवतावर येऊन निजला.

सर जवळ आले.

“वर घार होती. बघितलीस?”

“नाही.”

“बघावीशी वाटली?”

नाही म्हटलं तर सुटू, असं तिला वाटलं. खरं सांगितलं तर सर पुन्हा कधी वर सोडायचे नाहीत. पण तिच्याने खोटं बोलवेना.

“फार वाटली, सर... अजून वाटतेय.”

सरांनी तिच्या खांद्याचा पट्टा सोडवला.

“मग उद्या वर जा.”